भुयारी रेल्वेचे बिनपगारी जागले

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची गाडी फलाटावर येऊन थांबली, की मधल्या डब्यातील गार्ड खिडकी उघडतो आणि दारे उघडण्यापूर्वी समोर टांगलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या एका फळीकडे तर्जनीने निर्देश करतो. हा नियम १९९६ सालापासूनचा आहे. फळी नेमकी समोर आली म्हणजे गाडी पूर्णपणे फलाटाला लागली, शेवटचा डबा भुयाराच्या अंधारात राहिलेला नाही, याची ती खूण. रोज या गाडीने जाणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना ती फळी दिसलेली नसते आणि ते बोटही. परंतु त्याच शहरात असा एक वर्ग आहे, की ज्याच्या दृष्टीतून यांपैकी काहीही सुटत नाही. स्थानकाच्या पाटीवरील इंग्रजी ‘आर’ या अक्षराचा पाय तिरपा आहे की सरळ खाली उतरला आहे, दारे मिटताना बोलणारा आवाज पुरुषाचा आहे की स्त्रीचा, अमुक क्रमांकाची गाडी तमुक भुयारात का जात नाही, अशा प्रश्नांवर ही माणसे तासन्‌तास वाद घालू शकतात. त्यांच्यात निवृत्त मोटरमन असतात, शाळकरी मुले असतात, हिशेबनीस असतात. त्यांच्या संघटनाही आहेत. ‘इलेक्ट्रिक रेलरोडर्स असोसिएशन’ ही त्यांतील एक संस्था १९३४ साली स्थापन झाली आणि तिच्या बातमीपत्रांत गाड्यांच्या मार्गांतील आणि डब्यांतील बारीकसारीक बदलांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे.

अशा छंदाकडे आपण सहसा कौतुकमिश्रित उपहासाने पाहतो. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला निदान संग्रह तरी दाखवता येतो. आगगाडीच्या उद्घोषणा जमवणाऱ्याने काय दाखवावे? अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास मात्र हे रिकामपणाचे उद्योग वाटत नाहीत. सार्वजनिक सेवा आणि तिचा उपभोक्ता यांच्यामध्ये जी एक मोठी पोकळी असते, ती काही अंशी हे लोक भरून काढतात, असे माझे मत आहे. त्यासाठी त्यांचे वाद थोडे तपशिलात शिरून पाहिले पाहिजेत.

प्रथम गाड्यांच्या नावांचाच प्रश्न घेऊ. न्यूयॉर्कमध्ये काही गाड्यांना आकडे आहेत, काहींना अक्षरे. नवख्याला वाटते की ही कोणा अधिकाऱ्याची लहर असावी. पण आकड्यांच्या गाड्यांचे डबे सुमारे पावणेनऊ फूट रुंद आहेत आणि अक्षरांच्या गाड्यांचे दहा फूट. म्हणून अक्षराची गाडी आकड्याच्या भुयारात शिरूच शकत नाही. या सव्वा फुटात त्या शहराचा निम्मा आर्थिक इतिहास सामावला आहे. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी पहिला मार्ग सुरू केला तो ‘इंटरबरो’ या खाजगी कंपनीने, आणि तिची भुयारे अरुंद होती. पुढे ब्रुकलिनच्या दुसऱ्या कंपनीने रुंद भुयारांतून गाड्या चालवल्या. १९३२ साली महापालिकेने स्वतःचा तिसरा मार्ग काढला, तोही रुंद. भाडे मात्र सगळीकडे पाच सेंट. १९१३ साली शहराशी झालेल्या करारांनी ते बांधून टाकले होते. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर किमती दुपटीच्या घरात गेल्या, तरी पाच सेंटांचे नाणे तेच राहिले. कारण ते वाढवण्याचे धाडस करणारा नगरपिता पुढच्या निवडणुकीत टिकला नसता. कंपन्या डबघाईला आल्या, देखभाल मागे पडली, आणि जून १९४० मध्ये शहराला दोन्ही कंपन्या विकत घ्याव्या लागल्या. भाडे वाढून दहा सेंट झाले ते १९४८ साली. तब्बल चव्वेचाळीस वर्षे एकच भाडे! दरनियंत्रणाचा धडा वर्गात शिकवताना याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. छंदिष्ट माणसे हा धडा डब्यांच्या रुंदीपासून सुरू करून भाड्याच्या राजकारणापर्यंत बिनचूक सांगतात. आमच्या क्रमिक पुस्तकांना ते साधत नाही.

तीन मालकांनी बांधलेल्या या जाळ्यात पाट्याही तीन तऱ्हेच्या होत्या. कोठे चिनीमातीच्या तुकड्यांत जडवलेली सुंदर नावे, कोठे मिनाकामाच्या पत्र्याच्या पाट्या, कोठे हाताने रंगवलेली ताकीद. एका खांबावर चार बाण चार दिशांना. १९६७ च्या नोव्हेंबरात दोन जुन्या जाळ्यांना जोडणारा क्रिस्टी स्ट्रीटचा दुवा सुरू झाला, अनेक गाड्यांचे मार्ग एका दिवसात बदलले आणि प्रवाशांची जी त्रेधा उडाली, तिने पाट्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. मासिमो विन्येली आणि बॉब नोर्दा या दोन संकल्पकांकडे हे काम १९६६ सालीच सोपवण्यात आले होते. नोर्दांनी त्यापूर्वी मिलानच्या मेट्रोच्या पाट्या केल्या होत्या. या दोघांचे मूळ सूत्र साधे आहे: प्रवाशाला ज्या ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो, त्या ठिकाणी त्या निर्णयापुरतीच माहिती द्यावी; आधी नको, नंतर नको, जास्तही नको. १९७० साली त्यांनी सादर केलेली नियमपुस्तिका आज संकल्पनशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासतात. तिची एक प्रत २०१२ साली एका कार्यालयाच्या तळघरात सापडली आणि दोन वर्षांनी लोकवर्गणीतून तिचे पुनर्मुद्रण झाले, ही गोष्टही या छंदिष्टांच्या जगातलीच.

याच पुस्तिकेवरून एक जुना वाद आहे. त्या पाट्यांचा टाइप कोणता? सर्वसामान्य समज असा की तो स्वित्झर्लंडचा सुप्रसिद्ध ‘हेल्वेटिका’. प्रत्यक्षात तो होता ‘स्टँडर्ड’, म्हणजे जुन्या जर्मन ‘आक्झिडेन्झ ग्रोटेस्क’चा अमेरिकेत विकला जाणारा अवतार. पाट्या तयार करणाऱ्या कारखान्याच्या हाताशी तोच होता. हेल्वेटिका अधिकृतपणे आला तो १९८९ साली. पॉल शॉ या अभ्यासकाने या एका प्रश्नावर आख्खे पुस्तक लिहिले आहे. ‘आर’चा पाय तिरपा असला तर स्टँडर्ड, वळून सरळ खाली उतरला तर हेल्वेटिका, ही ओळखण्याची खूण. आणखी एक मजेची गोष्ट आहे. प्रत्येक पाटीच्या वरच्या कडेला एक बारीक रेघ दिसते. संकल्पकांनी कागदावर काळी पट्टी दाखवली होती ती पाटी अडकवण्याच्या लोखंडी खाचेची. कारखान्यातील कारागिरांनी ती शोभेची समजून पाटीवरच रंगवली. पुढे पांढऱ्या पाट्या काळ्या झाल्या, काळी अक्षरे पांढरी झाली, पण ती रेघ गेली नाही. कार्यालयातील आदेश कामगाराच्या हाती पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हे ज्यांनी कोणत्याही सरकारी खात्यात पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

कोणी म्हणेल, अक्षराचा पाय तिरपा असला काय आणि सरळ असला काय, गाडी वेळेवर आली म्हणजे झाले. हा आक्षेप रास्त आहे, आणि तो उद्घोषणांच्या बाबतीत तपासून पाहण्यासारखा आहे. २००० सालापासून तेथील नव्या डब्यांत ध्वनिमुद्रित उद्घोषणा आल्या. तत्पूर्वी गार्ड स्वतः ध्वनिक्षेपकात बोलत असे, आणि त्याचे बोलणे न समजणे हा न्यूयॉर्ककरांच्या विनोदाचा एक कायमचा विषय होता. नव्या उद्घोषणांसाठी ‘ब्लूमबर्ग’ या आर्थिक वृत्तसंस्थेच्या नभोवाणीवरील निवेदकांनी मोबदला न घेता आवाज दिला. दारांपासून दूर राहा असे बजावणारा चार्ली पेलेट यांचा आवाज त्यांतलाच. छंदिष्टांना या आवाजांची नावे पाठ असतात. काही गाड्या सुटताना त्यांच्या विद्युत्‌यंत्रणेतून निघणारे तीन सूर ‘वेस्ट साइड स्टोरी’तील एका गाण्याच्या आरंभासारखे आहेत, हेही त्यांच्याच कानांनी टिपले. हा शेवटचा तपशील निव्वळ गमतीचा म्हणून सोडून देऊ. पण अंध प्रवाशाच्या दृष्टीने पुढल्या स्थानकाचे नाव स्पष्ट ऐकू येणे ही गंमत नसते. ती त्याची पाटी असते. तसेच २०१७ साली त्या रेल्वेने ‘स्त्रिया व सज्जनहो’ हे संबोधन सोडून ‘प्रवासी’ असे म्हणण्यास सांगितले, त्यावरून वाद झाला तो केवळ शब्दांचा नव्हता. सार्वजनिक संस्था आपल्याशी कोणत्या नात्याने बोलते, याचा तो वाद होता.

लंडनचे एक उदाहरण येथे आठवते. तेथील एम्बँकमेंट स्थानकात फट सांभाळण्याची सूचना देणारा ऑसवल्ड लॉरेन्स या नटाचा जुना आवाज २०१२ साली बदलला गेला. नट २००७ मध्ये निवर्तले होते आणि त्यांच्या पत्नी तो आवाज ऐकण्यासाठी त्या फलाटावर जाऊन बसत असत. त्यांनी विनंती केली. २०१३ साली तेथे तो आवाज पुन्हा सुरू झाला. एवढ्या प्रचंड यंत्रणेला एका बाईचे ऐकू आले, याचे मला अधिक महत्त्व वाटते.

आता गाडी वेळेवर येण्याचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या गाड्या २०१७ च्या सुमारास इतक्या रखडू लागल्या की तेथील राज्यपालांना आणीबाणी जाहीर करावी लागली. अधिकृत स्पष्टीकरण असे की गर्दी फार वाढली. २०१८ साली ‘व्हिलेज व्हॉइस’ने रेल्वेचीच अंतर्गत कागदपत्रे तपासून दाखवले, की मुख्य कारण दुसरेच आहे. १९९५ साली विल्यम्सबर्ग पुलावर एक गाडी पुढल्या गाडीवर आदळून मोटरमन ठार झाला. त्यानंतर वेग काबूत ठेवणारे सिग्नल ठिकठिकाणी बसवण्यात आले. मोटरमनने वेग ओलांडला तर गाडी आपोआप थांबते आणि त्याच्यावर कारवाई होते. म्हणून प्रत्येक मोटरमन मर्यादेच्याही खालीच गाडी हाकू लागला. नंतर रेल्वेने तपासणी केली तेव्हा कित्येक ठिकाणी सिग्नलांची घड्याळेच चुकीची लागलेली आढळली. सुरक्षिततेसाठी केलेला नियम, शिक्षेच्या भीतीने त्यात पडलेली भर, आणि बिघडलेले मोजमाप या तिहींनी मिळून शहराचे असंख्य तास खाल्ले. गर्दीवर खापर फोडणे सोपे होते, कारण गर्दी सर्वांना दिसते. सिग्नलचे घड्याळ पाहण्यासाठी सिग्नल म्हणजे काय हे ठाऊक असलेला, आणि त्यात रस असलेला माणूस लागतो.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० सालचे एक छोटे पुस्तक या संदर्भात फार उपयोगी आहे. त्याचे विवेचन सुरू होते तेच मुळी नायजेरियाच्या रेल्वेपासून. मालट्रकांची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारत का नव्हती? हिर्शमनचे उत्तर असे, की स्पर्धेमुळेच. जे ग्राहक सर्वांत जागरूक होते, ज्यांनी आरडाओरड करून रेल्वेला वठणीवर आणले असते, तेच आधी ट्रककडे निघून गेले. सेवा बिघडली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. जाणे सोपे असले तर आवाज उठत नाही. अशा वेळी तिसरी एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे निष्ठा. जो निष्ठेमुळे निघून जात नाही, तोच थांबतो आणि बोलतो.

आगगाडीचा छंदिष्ट हा या अर्थाने निष्ठावंत ग्राहक आहे. तो तिकिटाचे पैसे देतो, शिवाय पदरचा वेळ घालून यंत्रणेची माहिती गोळा करतो, ती जपतो, आणि काही चुकले की सर्वांत आधी ओरडतो. माहिती गोळा करण्याचा खर्च कोणत्याही एका सामान्य प्रवाशाला परवडत नाही. लाभ सर्वांचा, खर्च एकट्याचा, मग कोण कशाला करील? छंदिष्टाला तो खर्च वाटतच नाही, कारण त्याचा त्यात आनंद आहे. बाजाराने जी वस्तू निर्माण केली नसती ती अशी आयती निर्माण होते.

याचा अर्थ ही मंडळी नेहमीच प्रवाशाच्या बाजूची असतात असा नव्हे. ब्रुकलिनमधील एका बंद स्थानकात १९७६ साली जुन्या डब्यांचे संग्रहालय निघाले, ते उत्तमच झाले. पण जुन्या डब्यांवरचे प्रेम कधीकधी नव्या डब्यांच्या द्वेषात उतरते. विन्येलींचा १९७२ चा नकाशा घ्या. सरळ रेघा, ठळक रंग, देखणा. परंतु त्यात सेंट्रल पार्क चौकोनी झाले आणि काही स्थानके प्रत्यक्षातील रस्त्यांच्या भलत्याच बाजूला गेली. पर्यटक वाट चुकू लागले. १९७८ च्या एप्रिलमध्ये कूपर युनियनच्या सभागृहात विन्येली आणि भौगोलिक नकाशाचे पुरस्कर्ते जॉन टॉरनॅक यांचा जाहीर वाद झाला, आणि पुढल्या वर्षी विन्येलींचा नकाशा गेला. सौंदर्याचे भक्त अजून हळहळतात. २०२५ साली रेल्वेने त्याच वळणाचा नवा नकाशा काढला तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला असेल! मात्र पाट्यांच्या टाइपावर एवढी शाई खर्च होत असताना, चाकाच्या खुर्चीवरील माणसाला त्या शहरातील बहुसंख्य स्थानकांत आजही उद्वाहक मिळत नाही. छंदाला स्वतःची आवडनिवड असते, आणि अपंगांचे उद्वाहक त्या आवडीत फारसे बसत नाहीत, हे नमूद केलेच पाहिजे.

आपल्याकडे पाहिले तर हिर्शमनचा नायजेरिया फार दूर वाटत नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांविषयी ज्यांचा शब्द मंत्रालयात ऐकला जाईल, त्यांतील पुष्कळजण केव्हाच मोटारीत जाऊन बसले आहेत. उरलेल्यांना बोलायला उसंत नाही. रेल्वेवर प्रेम करणारी माणसे येथेही आहेत. डब्याच्या नुसत्या आवाजावरून तो सीमेन्सचा की बम्बार्डियरचा हे सांगणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. कोणत्या डब्यात चढले असता दादरचा पूल समोर येतो हे तर प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक असते. परंतु हे ज्ञान व्यक्तीपाशीच राहते; त्याची नोंद होत नाही, त्यातून गाऱ्हाणे तयार होत नाही. ऐनवेळी फलाट बदलल्याची उद्घोषणा होते, ती अर्धवट ऐकू येते, माणसे पुलाकडे धावतात, काही रुळांत उतरतात. या उपनगरी मार्गांवर २०२३ साली अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. सर्वच काही उद्घोषणांमुळे नव्हेत. पण किती अंशी, हे सांगू शकेल अशी नोंद कोण ठेवतो? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगरून तेवीस जण गेले. पावसामुळे थबकलेला जमाव आणि मागून येणाऱ्या गाड्यांतून उतरणारा जमाव यांच्यामध्ये ते सापडले. पूल अरुंद होता हे खरेच. पण पुलाच्या पायथ्याशीच माणसे थोपवून धरणाऱ्या एका स्पष्ट शब्दाची किंमत अशा वेळी काय असते, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही.

भाषेचे तर विचारूच नका. तीन भाषांत उद्घोषणा होतात, त्यांतील मराठी पुष्कळदा हिंदीची सावली असते. ‘गैरसोय’ हा शब्द घरात असताना ‘असुविधा’ कानांवर आदळते. पाट्यांवर मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, म्हणून एकच टाइप दोहोंना लावला जातो. वस्तुतः मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ हिंदीहून वेगळे आहेत, आणि राज्य शासनाने २००९ सालच्या शासननिर्णयात वर्णमाला ठरवताना त्यांचा आग्रहही धरला आहे. निर्णयसागरचे खिळे ज्या शहरात पाडले गेले, र. कृ. जोशींसारखा अक्षरांचा उपासक ज्या शहरात शिकवत होता, त्या शहरातील स्थानकाच्या पाटीवरचा ‘ल’ कोणता असावा हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला वेड्यात काढू नये. न्यूयॉर्कमध्ये ‘आर’च्या पायावर पुस्तक निघते.

पैशाच्या मोहाचा एक मुद्दा राहिला. न्यूयॉर्कच्या अटलांटिक अव्हेन्यू स्थानकाच्या नावाला एका बँकेच्या नावाने उभ्या राहिलेल्या क्रीडागाराचे नाव जोडण्याचा करार २००९ साली झाला: वीस वर्षे, दरसाल दोन लाख डॉलर. एवढ्या अवाढव्य संस्थेच्या खर्चात ही रक्कम म्हणजे दर्यामे खसखस. मुंबईच्या मेट्रो स्थानकांच्या नावांआधीही आता प्रायोजकांची नावे लागली आहेत. उत्पन्न वाढवण्यास माझा विरोध नाही. पण प्रत्येक उद्घोषणेत, प्रत्येक पाटीवर, प्रत्येक नकाशात स्थानकाच्या नावाच्या आधी दोन-तीन शब्द अधिक ऐकावे आणि वाचावे लागतात, तेव्हा विन्येली-नोर्दांच्या सूत्राप्रमाणे निर्णयाच्या क्षणी नको असलेली माहिती प्रवाशाच्या माथी मारली जाते. त्याचा वेळ आणि अवधान ही येथे विकली गेलेली वस्तू आहे. तिची किंमत त्याला विचारून ठरलेली नाही. हे करार किती रकमेचे, किती वर्षांचे, आणि त्यांतून तिकीट किती पैशांनी स्वस्त झाले, एवढे आकडे प्रत्येक स्थानकात दर्शनी भागी लावण्यास काय हरकत आहे? ते वाचणारे, लिहून ठेवणारे आणि पुढल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहणारे दहा-वीस छंदिष्ट या शहरात खचित निघतील.